नाव नको, वजन सांगा

“नाव नको, वजन सांगा.”

फोन उचलल्यावर ताईंचं पहिलं वाक्य हे. समोरचा रडत असो, शिव्या घालत असो, नाहीतर एखाद्या कंपनीचा मोठा साहेब असो. हातात निळं पेन, पुढ्यात तळहाताएवढी चिठ्ठी. चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहायच्या: कुठून, कुठे, वजन. मधल्या भिंतीला एक छोटी खिडकी होती, तिच्यातून ती चिठ्ठी पायलटच्या खोलीत जायची. पायलटनं आभाळ बघायचं आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. आजारी कोण आहे, किती आजारी आहे, त्याच्या घरी कोण वाट बघतंय, यातलं अक्षरही त्याच्या कानावर पडू द्यायचं नाही.

तुम्हाला वाटेल, काय दगडाची बाई आहे. मलाही तेच वाटलं होतं.

महाळुंग्याच्या माळावर तेव्हा रुग्ण नेणाऱ्या हेलिकॉप्टरचा तळ होता. तळ म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, एक वजनकाटा आणि पांढऱ्या रंगात आखलेलं एक वर्तुळ. ताई तिथल्या डिस्पॅचर. हेलिकॉप्टर कधी सोडायचं, कधी नाही, हे ठरवणं त्यांचं काम. चाकणच्या कारखान्यात कुणाला मोठी इजा झाली की माझी रुग्णवाहिका त्याला त्या वर्तुळापर्यंत आणायची. पुढचं ताईंकडे.

मी औशाहून दादाच्या मागं इकडं आलेला माणूस. एका जुन्या व्हॅनवर सुरुवात केली, आज चौदा गाड्या आहेत. धंद्यात समोरच्यानं सांगितलेल्या पहिल्या भावाला मी आजवर कधी हो म्हटलेलं नाही. त्यामुळे ताईंनी पहिल्यांदा वजन विचारलं, तेव्हा मी सवयीनं कमी सांगितलं. सत्तर. गाडी माळावर पोचली, ताई बाहेर आल्या, स्ट्रेचरकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “ब्याण्णव.” काट्यावर साडेएक्याण्णव भरले. शेवटी सोबतच्या नर्सला खाली उतरवावं लागलं.

“हा भाव नाही, भाऊ,” त्या म्हणाल्या. “इथं कमी सांगून काही स्वस्तात पडत नाही.”

वजनाची त्यांची नजर पुढे थट्टेचा विषय झाली. भोसरीच्या एका लग्नात आम्ही शेजारी जेवायला बसलो होतो. नवरदेव समोरून गेला आणि ताई ताटातून मान वर न करता म्हणाल्या, “चौसष्ट, फेट्यासकट.” मी म्हटलं, माझं? “ब्याऐंशी. खिशातल्या किल्ल्या काढल्या तर एक्याऐंशी.”

त्यांचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात साच्यांवर होते. ताई आधी भोसरीत एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर. टेलिफोनचे बोर्ड गेले, नोकरी गेली. मग चाळिशीच्या तोंडावर कासारवाडीच्या दोन खोल्यांत बसून त्यांनी वारा, ढग, नकाशे शिकून घेतले आणि परीक्षा दिल्या. पुढे कॉलेजची मुलं त्यांच्याकडे यायची. एव्हिएशनमध्ये करिअर करायचंय म्हणायची. ताई शेजारच्या खोलीकडे बोट दाखवायच्या. “उडायचं असेल तर तिकडं विचारा. माझं काम थांबवायचं.”

समोर हवामानाचे तीन पडदे असायचे, पण घाटाच्या बाबतीत त्यांचा भरवसा खंडाळ्याच्या एका चहावाल्यावर. त्याच्या टपरीसमोर नागफणीचा सुळका. रोज सकाळी सातला ताईंचा फोन. एकदा तो स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकला.

“नागफणी दिसतेय का?”

“निम्मी दिसतेय, बाई.”

“वरची निम्मी की खालची?”

दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

मी एकदा विचारलं होतं, पायलटपासून एवढं लपवता कशाला? माणूस मरायला टेकलाय हे कळलं तर तो उलट जोर लावेल. ताई बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिल्या. मग म्हणाल्या, “जोरच लावतो ना. तीच भीती आहे. न ऐकलेला माणूस ढग बघतो. ऐकलेला माणूस ढगात वाट शोधतो.” त्यांनी असं काही पाहिलं होतं की फक्त ऐकलं होतं, ते मी विचारलं नाही.

आता तो दिवस. गणपती बुडवले त्याच्या दुसऱ्या दिवसाची पहिली शिफ्ट. दादा महाळुंग्यातच एका कंपनीत रंगकाम करायचा, स्प्रे मारायचा. त्याच्या हातानं रंग मारलेल्या दारावर बोट फिरवलं तर कुठं सुरुवात, कुठं शेवट कळायचं नाही. सुट्टीत बंद राहिलेल्या रंगाच्या बूथमध्ये थिनरची वाफ साठली होती. मशीन चालू केलं आणि भडका उडाला. तोंड वाचलं. दोन्ही हात भाजले, कोपरापर्यंत.

चाकणच्या दवाखान्यात पट्ट्या बांधल्या आणि म्हणाले, नवी मुंबईला न्या, भाजलेल्यांच्या दवाखान्यात, लवकर न्या. हात सुजून आवळले तर बोटं जातील. साडेनऊला मी ताईंना फोन लावला.

“नाव नको, वजन सांगा.”

“ताई, माझा दादा आहे.”

“वजन, भाऊ.”

“अडुसष्ट.”

दहाला आम्ही माळावर पोचलो. ताई दारात येऊन म्हणाल्या, नागफणी झाकलेली आहे, थोडं थांबू, उघडेल असं वाटतंय. मी गाडीत दादाशेजारी बसलो. त्याचे हात पांढऱ्या कापडात, उशीवर. तो म्हणाला, “बाळ्या, बोटं हलतायत का बघ.” मी बघितलं. म्हटलं, हलतायत.

मग मात्र माझ्यानं बसवेना. आयुष्यभर माझी एकच रीत. दार बंद असेल तर मागच्या दारानं मालकाला गाठायचं. मी बाहेरून वळसा घालून पायलटच्या खोलीच्या मागच्या खिडकीवर टकटक केली आणि सगळं सांगितलं. दादा, वहिनी, दोन मुली, रंगाऱ्याचे हात, औशाहून मला बोटाला धरून आणलेला भाऊ. पायलट तरणा होता, त्याचे डोळे भरले. हेल्मेट उचलून तो म्हणाला, “चला. ढग असेल तर खालून काढतो.”

तो ताईंकडे जाऊन ‘हो’ म्हणाला. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागं दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

ताईंनी त्याच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि टेबलावर पालथी ठेवली. “आता तुमचा ‘हो’ मला चालणार नाही. तुमचा ‘नाही’ पण नाही.” लगेच त्यांनी तळेगावला दुसऱ्या पायलटला फोन लावला. विसर्जनाहून परतणाऱ्या ट्रकांनी रस्ते तुंबले होते. तो म्हणाला, दीड तास.

मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दादाच्या कंपनीतून मागं आलेल्या वीस माणसांसमोर बोललो. शेवटी म्हटलं, तुझा भाऊ असता तर?

“माझा असता तर मला या खुर्चीवरून उठावं लागलं असतं,” ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

वीस मिनिटांत मी गाडी हायवेला लावली होती. पोचलो दोनला. तिथल्या डॉक्टरांनी सूज मोकळी व्हावी म्हणून हातांना चिरा दिल्या, पण उजव्या हाताची चार आणि डाव्याची दोन बोटं गेली. दोन तास आधी आणायला हवं होतं, म्हणाले. पण खात्रीनं असं काही सांगता येत नाही, असंही म्हणाले.

आठव्या दिवशी ताई दवाखान्यात आल्या. वहिनी हेलिकॉप्टरला इमानच म्हणायची. तिनं विचारलं, “इमान का न्हाई आलं हो, ताई?”

“ढग होते, वहिनी.”

मी तिथंच थर्मास धरून उभा होतो. ताईंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

त्यानंतर चाकणच्या चौकात जो भेटेल त्याला मी सांगत सुटलो, त्या बाईनं नियमापायी माझ्या दादाचे हात घालवले. त्या तळावर गाडी पाठवणं बंद केलं. आणि मनाशी हिशोब पक्का करून टाकला की त्या दिवशी नागफणी उघडलीच नसणार. मी बोललो काय, न बोललो काय, फरक शून्य. हा राग तीन वर्षं पुरला.

गेल्या हिवाळ्यात ताई कासारवाडीच्या घरातच वारल्या. माझा गाड्यांचा अड्डा त्यांच्या गल्लीपासून हाकेवर. तरी त्यांच्या माणसांनी शववाहिनी चिंचवडहून मागवली. माझ्या ड्रायव्हरनं येऊन सांगितलं, तेव्हा मी त्याला गाडी नीट न धुतल्याबद्दल झापलं.

मागच्या महिन्यात दादाला तपासणीला नेऊन परत येत होतो. खंडाळ्याला चहाला थांबलो. दादा दोन्ही तळव्यांत ग्लास दाबून चहा पितो, तसा पीत होता. टपरीवाल्यानं गाडीवर रंगवलेलं ‘चाकण-महाळुंगे’ वाचलं.

“महाळुंग्याचे का? तिथं एक बाई असायच्या फोनवर. रोज नागफणी विचारायच्या. आता फोन येत नाही.”

“त्या वारल्या,” मी म्हटलं.

तो फडक्यानं हात पुसत राहिला. “एका फोनला एकदाच काय ते विचारायच्या. एकदा सांगितलं की विश्वास. फक्त एका दिवशी एकाच फोनवर दोनदा विचारलं होतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, तीन-चार वर्षं झाली असतील. सकाळपासून चार फोन झाले होते. पावणेअकराला मी म्हटलं, बाई, उघडली, आख्खी नागफणी दिसतेय. तर पलीकडे आवाजच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाल्या, परत एकदा नीट बघता का? मी बाहेर जाऊन परत बघितलं. स्वच्छ होती.”

तरी हेलिकॉप्टर सोडता आलं असतं, दुसरा पायलट नव्हता म्हणून काय झालं, असं माझ्यातला भांडखोर अजूनही म्हणतो. पण मी त्या खिडकीवर टकटक केली नसती, तर पावणेअकराला तो तरणा पायलट ‘हो’ म्हणाला असता, आणि साडेअकराच्या आत दादा डॉक्टरांपुढे असता. हे ताईंना त्याच दिवशी कळलं होतं. नंतर मी चौकात काय बोलतोय, तेही त्यांच्या कानावर जात होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मलासुद्धा नाही.

दादानं ग्लास गुडघ्यावर टेकवला. समोर नागफणी उन्हात टोकापर्यंत मोकळी होती. तो तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

“बाळ्या, मग इमान का न्हाई आलं रे?”

या प्रश्नाला इतकी वर्षं ताईंचं ‘ढग होते’ पुरलं होतं. मी दादाच्या हातातला ग्लास काढून घेतला, बाकावर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसलो.

“सांगतो,” म्हटलं.