कच्चा नमुना

सुखदेवभाऊ गेल्याचं मला व्हॉट्सॲपवर कळलं. खाणीतून निवृत्त झालेल्या आम्हा लोकांचा एक ग्रुप आहे. सकाळी सुविचार, दुपारी गुडघेदुखीचे उपाय, असा त्याचा कारभार. त्यात भाऊंचा फोटो आला, भोवती गुलाबांची चौकट, खाली मजकूर : ‘तुमसर तालुक्याचे थोर खनिज-संशोधक’. मजकूर टाकणारे आमचे जुने साहेब. याच साहेबांनी एकदा भर ऑफिसात भाऊंना ‘गोटे वेचणारा’ म्हटलं होतं. मी फोन पालथा घातला. रडू यायच्या आधी शिसारी आली, खोटं कशाला बोलू.

भाऊ मँगनीजच्या खाणीवर सॅम्पलर होते. ढिगांवरून, ट्रकांतून नमुने गोळा करायचे, कागदाच्या पुड्यांत बांधायचे आणि माझ्या प्रयोगशाळेत आणून द्यायचे. मी तिथे केमिस्ट. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष त्यांचं राहून गेलं होतं, पण दगड हातात घेऊन ते जे सांगायचे ते पुस्तक चाळून मला संध्याकाळी पटायचं. खिशात सदा भिंग. सुट्टीच्या दिवशी पायी हिंडून दगड आणायचे, माझ्या टेबलावर मांडायचे आणि ‘बाई, बघा जरा’ म्हणून उभे राहायचे. मी कामात असले की मला वैताग यायचा. आता आठवतं, मी बहुतेक वेळा कामातच असायची...

बपेऱ्याकडे त्यांच्या बहिणीचं गाव. तिथे विहीर खोदताना सुरुंगाने फोडलेला ढिगारा वर पडला होता. त्यात गारगोटीचा एक दगड त्यांना मिळाला. दगडात पोकळी, आणि पोकळीच्या भिंतीवर उभे राहिलेले गडद तपकिरी पापुद्रे, नखाएवढेसुद्धा नाहीत. गावकरी म्हणाले अभ्रक आहे. भाऊंनी सुईने एक पापुद्रा दाबून पाहिला. अभ्रक वाकतो, सुटतो. हा वाकला नाही, तटकन तुटला. अंगावर बारीक उभ्या रेघा, आणि चमक अशी की उन्हात धरला तर डोळा मिटावा. ते दोन दिवस झोपले नसतील. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभे राहून हळूच म्हणाले, “ब्रूकाइट वाटून राहिला मले.”

ब्रूकाइट म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच पदार्थ, पण निसर्गात तो मुख्यतः तीन रूपांत सापडतो : रूटाइल, ॲनाटेज आणि ब्रूकाइट. घटक तेच, फक्त आतल्या अणूंची मांडणी निराळी. रूटाइल पुष्कळ ठिकाणी मिळतो, ब्रूकाइट क्वचित. जुन्या खडकांच्या भेगांतून कधीकाळी गरम पाणी वाहून गेलेलं असलं, तर तिथे गारगोटीच्या सोबतीला तो आढळतो. आणि एक महत्त्वाची गोष्ट : खूप तापवला की त्याचा रूटाइल होतो. बाहेरून आकार तोच राहतो, आतून सगळं बदलून गेलेलं असतं, आणि परत फिरणं नाही. भाऊंनी मला हे धानावरून समजावलं होतं. “धान एकच आहे बाई. चपटं केलं का पोहे, भुंजलं का मुरमुरे. आता मुरमुऱ्याचे पोहे करून दाखवा.” मी हसले होते.

साहेबांनी उपकार केल्यासारखं नागपूरच्या एका प्रयोगशाळेत ओळखीने तपासणी करून घ्यायचं कबूल केलं. अट एकच, नमुना आमच्या प्रयोगशाळेतून जाईल. भाऊंनी अर्धे पापुद्रे सुईने सोडवले, पुडी बांधली आणि वर पेन्सिलने लिहिलं, ‘कच्चा’.

इथेच माती झाली. सॅम्पलर लोकांच्या भाषेत ‘कच्चा’ म्हणजे आहे तसा ठेवायचा, हात लावायचा नाही. आमच्या प्रयोगशाळेत ‘कच्चा’ म्हणजे अजून भाजायचा राहिलेला. मँगनीजचा नमुना दळून, भट्टीत लालभडक तापवून, वजन किती घटलं ते पाहायचं, हे आमचं रोजचं काम. एकाच खाणीवर इतकी वर्षं एक शब्द दोन अर्थांनी चालत होता आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. त्या दिवशी मी पुडी उघडली, पापुद्रे दळले, मुशीत भरले आणि बाकीच्या मुशींबरोबर भट्टीत सरकवले. विचारसुद्धा केला नाही, आणि तीच भाजलेली भुकटी नागपूरला गेली.

नागपूरहून अहवाल आला : रूटाइल. साहेबांनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, आणि ‘गोटे वेचणारा’ तेव्हाच म्हणाले. साहेब हसले, लोकही हसले. भाऊ तिथून सरळ माझ्याकडे आले. दारातच थांबून त्यांनी विचारलं, “बाई, नमुना भाजला त नाही ना?”

त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं. भट्टी, मूस, तिच्यावरचा नंबर. आणि मी म्हटलं, “नाही.” का म्हटलं? साहेबांच्या मेमोची भीती होती. आणि माझ्या हातून चूक होत नाही असं खाणीवर सगळे म्हणायचे, ते मला आवडायचं. एवढ्याशासाठी.

“मंग मायी नजर चुकली,” भाऊ म्हणाले. माझ्यावर शंका त्यांनी घेतली नाही. त्यानंतर त्यांनी माझ्या टेबलावर एकही दगड आणला नाही, आणि मला मेलीला त्याने सुटल्यासारखं झालं.

शोकसभा झाली. साहेब बोलले. कुठून तरी वाचून आले होते. ब्रूकाइट, स्फटिक, भाऊंची दृष्टी, सगळं घोळवून घोळवून सांगितलं, स्वतः हसल्याचं सोडून. मग समोसे आले आणि लोक हात पुसत पुसत हळहळले. मला समोशाच्या तेलाची, त्या शब्दांची आणि माझी स्वतःची एकदमच किळस आली. साहेब निदान अजाणता हसले होते. मी तर जाणून गप्प बसले होते.

गेल्या आठवड्यात भाऊंच्या घरी गेले. यमुनावहिनींनी अंगणात खुर्ची टाकली, चहा आणला आणि माझेच आभार मानले. म्हणाल्या, तुमच्या त्या रिपोर्टानंतर त्याइचा नाद सुटला, घर मोकळं झालं. सगळे दगड कुठे गेले म्हणून मी विचारलं. अंगणात पाणी साचायचं, तो खड्डा भाऊंनी त्याच दगडांनी भरला होता, वरून मुरूम टाकला होता. “तुमी बसल्या ना, तेथंच,” वहिनी म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला. मी सांगून टाकलं. पुडी, भट्टी, दारातला प्रश्न, माझं ‘नाही’. वहिनी म्हणाल्या, “हे त्याइले सांगाचं होतं, बाई. मले सांगून काय फायदा?” आणि आत गेल्या. मला वाटलं, आता मी निघावं. पण त्या सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन बाहेर आल्या आणि मला खुर्ची सरकवायला सांगितली.

मुरूम घट्ट बसला होता. वहिनींचं वय सत्तरीकडचं, तरी सब्बल त्यांनी मला दिली नाही. एकेक दगड निघत गेला. मी बादलीतल्या पाण्यात धुऊन बाजूला ठेवत होते. साधी गारगोटी, आणखी गारगोटी, मग मुठीत न मावणारा एक. वहिनींनीच तो बादलीत बुडवला. पोकळीतला चिखल सुटला आणि आत तपकिरी पापुद्रे दिसले, अर्धे सुईने सोडवलेले, अर्धे तसेच उभे. मी हात पुढे केला.

वहिनींनी दगड पदरात घेतला.

“तुमचा हात नका लावू आता,” त्या म्हणाल्या. “नागपूरले मायी पोरगी नेईन.”