आजारापुढची रेघ

इन्सुलिनला वास असतो. दवाखान्यातल्या नव्या पट्टीसारखा, उग्र आणि किंचित गोडसर. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या स्वयंपाकघरात तो सकाळच्या फोडणीलाही पुरून उरे. मुलगी चार वर्षांची असल्यापासून जेवणाआधी मी तिला सुई टोचत आले, आणि शेजारणीनं बेल वाजवली की आधी खिडकी उघडत आले.

शाळेच्या प्रवेशअर्जात ‘आजार’ या शब्दापुढे रिकामी रेघ होती. सासूबाई मागे उभ्या होत्या. ‘‘मुलीची जात आहे हो. एकदा कागदावर आलं की स्थळं येतील तेव्हाही पुसलं जायचं नाही.’’ सहा वर्षांच्या पोरीची स्थळं! मला हसू आलं. तरी मी ‘नाही’ लिहिलं. अक्षरही सुरेख आलं.

ती तिसरीत गेली आणि शाळा दुपारपर्यंत लांबली. एका सकाळी कवायतीआधी साखर उतरू लागली, म्हणून तिनं बाकाखाली बिस्किट काढलं. वर्गाच्या बाईंनी ते काढून घेतलं. मैदानावर तिचे हात थरथरू लागले, गणवेश घामानं चिकटला. बाई म्हणाल्या, ‘‘नाटकं पुरे हं आता.’’ मग ती तापल्या मातीवर पडली. बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं होतं ते मीच.

तिला दवाखान्यातून सोडल्यावर डॉक्टरांचं पत्र घेऊन मी मुख्याध्यापिकांसमोर बसले. वर्गात साखर तपासू द्यावी, केव्हाही खाऊ द्यावं, मधल्या सुट्टीत इंजेक्शनसाठी मला आत येऊ द्यावं, एवढंच मागणं होतं. त्यांनी जुना अर्ज काढून माझ्याकडे वळवला.

‘‘हे अक्षर तुमचंच ना?’’

‘‘हो.’’

‘‘माझ्या त्या बाई तेव्हापासून झोपलेल्या नाहीत. तुम्हाला लागते का हो झोप?’’

शेजारच्या खुर्चीत मुलगी पाय न हलवता बसली होती. साखर तपासायच्या सुईचे काळे ठिपके दिसू नयेत म्हणून तिनं बोटं मुठीत मिटली होती. हे मीच शिकवलेलं.

‘‘सगळं मिळेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण आजार मी लपवला, आणि यापुढे काही झालं तर शाळा जबाबदार नाही, असं लेखी द्या.’’

‘‘काहीही झालं तरी?’’

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

‘‘लिहा.’’