कोचीला न थांबलेलं जहाज

कळंबच्या प्रयागबाईंची नजर जात चालली आहे हे घरात बरेच दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण समोरचं त्यांना स्वच्छ दिसायचं. सुईत दोरा ओवता यायचा, डेअरीच्या काट्यावरचा आकडा वाचता यायचा. दिसेनासं झालं होतं ते बाजूचं. गोठ्यात शिरताना खांदा लोखंडी खांबाला लागायचा. शेजारी कुणी येऊन उभं राहिलं आणि बोललं की त्या दचकायच्या. त्यांना वाटायचं, वय झालं, धांदरटपणा आला. मग एका सकाळी दुधाची किटली घेऊन निघाल्या आणि पायाशी आलेलं वासरू दिसलंच नाही. पडल्या, मनगट मोडलं.

मनगट दाखवायला बारामतीला नेलं तेव्हा त्यांच्या लेकीनं, उत्कर्षानं, डोळेही तपासून घेतले. उत्कर्षा भवानीनगरला दिलेली, जावई कारखान्यात नोकरीला. पोरगी धीट, डॉक्टरांना उलटसुलट विचारणारी. डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू आहे आणि बराच पुढे गेलाय. नळीतून बघावं तसं बाईंना मधलं तेवढं दिसतंय, आणि ती नळी हळूहळू अरुंद होत जाणार. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवायची.

घरी आल्यावर प्रयागबाईंनी धारा काढल्या, एका हातानं, दुसऱ्या हाताला प्लास्टर. त्यांचे मालक मानसिंग उसाला पाणी द्यायला गेले होते ते मुद्दाम उशिरा आले. बायकोच्या समोर बसायचं कसं हे त्यांना कळत नव्हतं. त्या रात्री जेवताना प्रयागबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलं.

"नजर हाय तवर मला दिगूचं जहाज बघायचंय," त्या म्हणाल्या.

दिगू म्हणजे त्यांचा धाकटा, दिग्विजय. बारामतीला हॉटेल मॅनेजमेंट शिकला आणि परदेशी कंपनीच्या क्रूझवर बेकरीत लागला. सुरुवातीला गावात त्याची चेष्टा व्हायची, की आई चुलीपुढं भाकऱ्या थापते आणि पोरगं समुद्रात पाव भाजतंय. पुढं त्याचं कौतुक व्हायला लागलं. वर्षातला बराचसा काळ तो जहाजावर असायचा, मग थोडे दिवस घरी. घरी आला की निम्मा वेळ झोपायचा. जहाज कसं आहे असं आईनं विचारलं की सांगायचा, मोठं आहे, आपलं अख्खं कळंब मावेल. पण तो स्वतः खाली पाण्याच्या पातळीखालच्या मजल्यावर राहायचा, तिथं खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की पाऊस हे त्याला वर गेल्याशिवाय कळत नसे. ही गोष्ट प्रयागबाईंच्या मनात रुतून बसली होती. खिडकी नसलेल्या खोलीत आपलं पोर झोपतंय, ती खोली एकदा डोळ्यांनी बघायची.

दिग्विजयनं वरिष्ठांकडे विनंती केली. बरीच वर्षं काम केलेल्या माणसाला कधीमधी आईवडिलांना जहाजावर आणायची मुभा मिळते, खोली रिकामी असली तर. त्याचं जहाज त्या हिवाळ्यात दुबईहून सिंगापूरला चाललं होतं. वाटेत भारतात एकच थांबा होता, कोची. तिथं काही प्रवासी उतरणार होते. त्यांच्या सुटलेल्या खोलीत मानसिंग आणि प्रयागबाईंनी चढायचं, कोलंबोला उतरायचं आणि विमानानं परत यायचं. एक रात्र आणि पुढचा दिवस, एवढंच.

पासपोर्ट काढले. विमानाची तिकिटं, श्रीलंकेची परवानगी, सगळं उत्कर्षानं बघितलं. आईला तिनं खाली रबर असलेले बूट आणले, जहाजाचा डेक ओला असतो म्हणून. प्रयागबाईंनी ते बूट घालून आठवडाभर अंगणात चालून बघितलं. मानसिंग वरवर कुरकुर करायचे की तोडणीच्या तोंडावर कुठं निघालो आपण, पण त्यांनी इंदापूरला जाऊन नवा शर्ट शिवून आणला होता, हे शिंप्यानंच सगळ्यांना सांगितलं.

निघाले त्या दिवशी शेजारचे आबाजी त्यांना आपल्या गाडीतून पुण्याला विमानतळावर सोडायला आले. आबाजी बोलका माणूस. बोटीवर मुलाच्या हातचा केक खा, आम्हाला फोटो पाठवा, असं वाटभर सांगत होता. भिगवणला चहाला थांबले तेव्हा उत्कर्षाचा फोन आला. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय, बातम्यांत दाखवतायत, पण काळजीचं कारण नाही, असं ती म्हणाली. काळजीचं कारण नाही हे तिनं दोनदा सांगितलं.

कोचीला उतरले तर पाऊस. रात्र एका लॉजवर काढली आणि सकाळी बंदरावर गेले. तिथं कंपनीच्या वतीनं एक एजंट होता, टक्कल पडलेला, सभ्य माणूस. मोडक्या हिंदीत बोलायचा. मानसिंगांची हिंदीही तशीच, त्यामुळे दोघांचं बरं जमलं. आणखी काही लोक जहाजावर चढायला आलेले, मोठाल्या बॅगा घेऊन बसलेले. जहाज सकाळी लागायचं होतं. मग कळलं, दुपारी. प्रयागबाई खुर्चीवर पाय जुळवून बसल्या होत्या, नवे बूट घालून, मांडीवर पिशवी. जहाजावर बाहेरचं खायला न्यायला परवानगी नाही हे दिग्विजयनं सांगितलं होतं, तरी त्यांनी शेंगदाण्याची चटणी आणली होती. कुणी विचारलं तर टाकून देऊ म्हणाल्या.

दुपारी एजंट सगळ्यांसमोर येऊन उभा राहिला. जहाज बाहेर समुद्रात येऊन थांबलं आहे, पण आत येऊ शकत नाही. बंदरात शिरायच्या आधी इथला एक वाटाड्या छोट्या बोटीतून जाऊन जहाजावर चढतो आणि तो रस्ता दाखवतो. आज लाटा एवढ्या आहेत की त्याला दोराच्या शिडीवर पाय ठेवता येत नाहीये. एकदा जाऊन परत आला. कॅप्टन थोडी वाट बघणार, नाही जमलं तर कोची सोडून थेट कोलंबोला जाणार.

"आन आमी?" मानसिंगांनी विचारलं.

एजंटनं त्यांना बाजूला घेतलं. पैसे भरून आलेल्या प्रवाशांना कंपनी कोलंबोला चढवायचं बघेल. पण तुम्हाला जी खोली मिळणार होती ती इथं उतरणाऱ्यांची होती. ते लोक आता उतरतच नाहीत. खोलीच राहिली नाही. हे सांगताना त्यानं मानसिंगांच्या दंडावर हात ठेवला होता.

मानसिंग चिडले. मराठीतच चिडले. आमी आईबाप हाय, फुकटे न्हाय, पोरगं तुमच्या जहाजावर रातंदिस राबतंय, बायकोची नजर जाती हाय, असं सगळं एका दमात बोलून गेले. त्या माणसाला त्यातलं अक्षर कळलं नसेल. तो ऐकत उभा राहिला आणि मग दोघांसाठी चहा घेऊन आला. चहा घेताना मानसिंगांना स्वतःचीच लाज वाटली. वारा काही त्या माणसाच्या हातात नव्हता.

तेवढ्यात दिग्विजयचा फोन लागला. किनारा जवळ असल्यामुळे त्याच्या मोबाईलला रेंज मिळाली होती. तो घाईत बोलत होता. साहेबाला विचारून थोडा वेळ वर येतो, तुम्ही समुद्र दिसेल अशा जागी जा, म्हणाला. एजंटनं रिक्षा बोलावून दिली आणि ड्रायव्हरला जागा समजावली.

रिक्षा त्यांना जुन्या भागातल्या समुद्रकाठी घेऊन गेली. पाऊस उघडला होता, वारा मात्र अंगावर येत होता. पाणी राखाडी, आभाळही त्याच रंगाचं. मानसिंगांना जहाज लगेच दिसलं. लांब, पाण्यावर उभी केलेली पांढरी बिल्डिंगच जणू. त्यांनी प्रयागबाईंना खांद्याला धरून तिकडं वळवलं आणि बोट दाखवलं. प्रयागबाईंनी बोटाचं टोक बघितलं. तिथून नजर पुढं नेली आणि ती पाण्यात हरवली. घरात, गोठ्यात त्यांना निभावता यायचं, कारण कुठं काय आहे ते ठाऊक होतं. इथं धरायला काहीच नव्हतं. अरुंद नजर त्या मोकळ्या समुद्रावर इकडून तिकडं फिरत राहिली आणि प्रत्येक वेळी नुसतं पाणीच मिळालं.

फोन वाजला.

"आई, मी वर आलोय. डेकवर हाय. किनारा दिसतोय मला. तुमी पोचला का?"

"पोचलो बाळा."

"जहाज दिसलं का तुला?"

मानसिंग शेजारीच होते. बायकोचं तोंड कुठं वळलं आहे ते त्यांना दिसत होतं. जहाज होतं त्याच्या पार डावीकडं. त्यांनी पुन्हा तिचा खांदा धरायला हात उचलला, पण तेवढ्यात ती बोलली.

"दिसलं की. पांढरं सपेत हाय."

"मी हात हलवतोय, आई. पांढऱ्या कपड्यात हाय, टोपी घालून."

"दिसतोय हात," प्रयागबाई म्हणाल्या. "आता खाली घे, दुखंल. वाऱ्यात उभा राहू नगं."

दिग्विजय म्हणाला, शिडीवर चढणारा माणूस दुसऱ्यांदाही मागं फिरला. आम्ही निघतोय. कोलंबोला मला सुट्टी नाही, उशीर झाल्यामुळे सगळ्यांच्या रद्द केल्यात, तेव्हा तिकडं विमानानं येऊ नका, गेटवरसुद्धा भेट होणार नाही. तात्यांना दे, म्हणाला. मानसिंगांनी फोन घेतला तर त्यांना नुसता वाऱ्याचा आवाज आला. "जेवण करून घ्या," एवढं ऐकू आलं आणि लाईन तुटली.

जहाज हळूहळू फिरलं. आधी लांबट होतं ते निमुळतं झालं. गोठ्यातलं वासरू दावं तोडून निघालं की माणूस धावतो, हाका मारतो. इथं धावायला जमीनच नव्हती. मानसिंग हात पाठीमागं बांधून उभे राहिले.

"हाय का अजून?" प्रयागबाईंनी विचारलं.

"हाय," ते म्हणाले.

बऱ्याच वेळानं तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा समुद्रावर काही नव्हतं. तरी ते हाय म्हणाले.

परतीची तिकिटं कोलंबोहून होती, ती वाया गेली. उत्कर्षानं दोन दिवसांनंतरची जागा मिळवली तोवर ती दोघं त्या लॉजवर थांबली. मानसिंगांनी प्रयागबाईंना गाव दाखवायला नेऊ का विचारलं, त्या नको म्हणाल्या. शेंगदाण्याची चटणी त्यांनी लॉजवरच्या भाताबरोबर खाल्ली. दोघांनीही त्या दुपारचा विषय एकमेकांशी काढला नाही. जहाज तिला दिसलंच नव्हतं हे मानसिंगांनी पुढं लेकीला सांगितलं, तेही एकदाच. तिची आई डेअरीत गेली होती तेव्हा.

कळंबला आल्यावर लोक विचारायला येत. आबाजींना वाटलं होतं, फोटो बघायला मिळतील. सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगायचा मानसिंगांना कंटाळा आला, मग ते पाटावर पाण्याच्या निमित्तानं निघून जायचे. कुणी म्हणायचं, वारा कमी झाल्यावर जहाजानं मागं यायला काय हरकत होती.

प्रयागबाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यातला दाब आटोक्यात आला, असं डॉक्टर म्हणाले. नजर मात्र आणखी थोडी गेली होती. दिवसातून ठरलेल्या वेळी थेंब घालायचे, ते मानसिंग घालत. त्यांच्या जाड बोटांना सुरुवातीला जमेना, थेंब गालावर जायचा आणि प्रयागबाई वैतागायच्या. नंतर जमायला लागलं.

दिग्विजय उन्हाळ्याच्या शेवटी घरी आला. आईनं त्याला अंगणात उजेडात बसवलं. आधी कपाळ बघितलं, मग डोळे, मग हनुवटी. सगळा चेहरा एका वेळी नळीत मावत नव्हता. तो हलला की म्हणायची, थांब जरा. तो लहान पोरासारखा मान वर करून बसून राहिला. त्या दिवशी त्यानं ठरवलं की आता परत जायचं नाही.

बारामतीत एका बेकरीत तो कामाला लागला. काम चांगलं होतं, मालकही भला होता. पण दिवसभर खारी आणि टोस्ट, तीच भट्टी, तेच गिऱ्हाईक. तो तक्रार करायचा नाही. संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी यायचा आणि ओट्यावर मोबाईल घेऊन बसायचा. त्याच्याबरोबरचे कुठल्या बंदरावर आहेत ते बघायचा. कमी उजेडात प्रयागबाईंना त्याचा चेहरा दिसत नसला तरी त्याचं गप्प बसणं कळत होतं. त्यांना तो जवळ हवा होता. हे त्या उत्कर्षाजवळ बोलल्या. त्याच्याजवळ बोलल्या असत्या तर तो नक्की थांबला असता, आणि म्हणूनच त्यांना बोलता येईना.

दिवाळीनंतर कंपनीचा निरोप आला. एका जहाजावरचा बेकर आजारी पडून मध्येच उतरला होता. त्याच्या जागी लगेच निघायचं, जहाज पुढच्या बंदरावर येईल तिथं चढायचं. उत्तर त्याच दिवशी हवं होतं. दिग्विजय आईजवळ येऊन बसला.

"तू म्हणशील तसं करतो," तो म्हणाला. "न्हाय म्हणालीस तर विषय संपला."

मानसिंग दारात उभे होते. त्यांना वाटत होतं, तिनं नाही म्हणावं. आपल्याला म्हणवत नाही, तिनं तरी म्हणावं.

"जा," प्रयागबाई म्हणाल्या. "त्या मानसाची जागा मोकळी राहिली तर बाकीच्यांवर भार पडंल."

तो गेला. पहाटेच आबाजींची गाडी आली. बंदराचं नाव त्यानं दोनदा सांगितलं होतं, दोघांनाही ते नीट म्हणता आलं नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा, हाय का अजून, असं प्रयागबाईंनी विचारलं नाही. दोघं ओट्यावर बसून राहिले. उजाडलं. धारेची वेळ टळत चालली होती, गाई हंबरत होत्या, आणि बराच वेळ कुणीच उठलं नाही.