अक्कांचा फोन आला होता

विठोबाच्या देवळात हात जोडून उभी राहते तेव्हाही मी ही एक गोष्ट वगळून बाकी सगळं बोलते. गुडघे, मुलाची नोकरी, ह्यांची वाढलेली साखर — सगळं. हे मात्र नाही. देवाला ठाऊक असेलच, मग सांगायचं कशाला, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला सांगायला बसले आहे, आणि बसल्यापासून दोनदा उठून गॅस बंद आहे ना ते पाहून आले.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं — असं म्हणते खरं. पण मला लपवायची सवय झाली आहे. म्हणून गोष्टीकडे जरा दुरूनच येते.

आम्ही म्हैसूरचे. म्हणजे हे म्हैसूरचे, कितीतरी पिढ्यांचे. मी सांगलीहून लग्न होऊन आले. शिंप्याचं घर. ह्यांच्या दुकानातला कोट म्हटलं की गावात अजून नाव घेतात. हे लहान असतानाच आई गेली, आणि थोरल्या बहिणीनं ह्यांना वाढवलं. त्या अक्का. त्यांनी लग्न केलं नाही. दुकानातल्या कोटांची काजं हातानं करत करत भावाला मोठा केला. पुढे आम्ही गावाच्या कडेला बोगादीला घर बांधलं, पण अक्का जुन्या घरातच राहिल्या, राजवाड्यापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. तिथं देऊळ जवळ, शेजार जुना, त्यांना तेच बरं वाटायचं.

आता त्यांच्याविषयी थोडं वाकडं लिहिणार आहे. खोटं नाही, पण वाकडं. आम्ही कुठे जायला निघालो की अक्कांना काहीतरी व्हायचं. लग्नानंतर उटीला जायचं ठरलं, अक्कांना ताप आला. मुलगा शाळेत असताना गोव्याची तिकिटं काढली, अक्कांच्या छातीत धडधडायला लागलं. हे मुकाट्यानं बॅग माळ्यावर टाकायचे आणि बहिणीच्या उशाशी जाऊन बसायचे. दोन दिवसांत अक्का ठणठणीत. लांडगा आला रे आला, असं मी मनात म्हणायचे. एकदा मोठ्यानं म्हटलं, तर हे कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

ह्यांच्या साठीला मुलानं परदेशातून भेट पाठवली. एका आलिशान आगगाडीची सफर — आठवडाभर गाडीतच राहायचं, राजवाडे, जुनी देवळं, अभयारण्यं बघत फिरायचं. गाडी सुटणार बंगळूरहून, आणि पहिला मुक्काम कुठे, तर म्हैसूर. काखेत कळसा नि गावाला वळसा! आम्ही साध्या गाडीनं बंगळूरला गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राजेशाही थाटात आपल्याच गावी येऊन उतरलो. स्टेशनवर सनई, गळ्यात हार, कपाळाला गंध. ह्यांच्या दुकानाचं एक गिऱ्हाईक फलाटावर उभं होतं, ते बघतच राहिलं. हे हसून मला म्हणाले, "नोडु, बघ सुधा, आपल्याच गावात टुरिस्ट झालो की आपण."

आणि त्या खेपेला अक्कांना काही झालं नव्हतं, हेही सांगायला हवं. उलट निघताना त्यांनी चटणीपूड बांधून दिली. "जाऊन या. पांडूला वाघ दिसू दे," म्हणाल्या. पांडू म्हणजे हे.

ह्यांनी सफरीसाठी स्वतःच्या हातानं नवा कोट शिवला होता. कोटाच्या खिशात हे कधी काही ठेवत नाहीत — वजनानं खिसा ओढला जातो आणि कोटाची पडण बिघडते. दुकानात पोरांना हेच शिकवतात. त्यामुळे ह्यांचा फोन माझ्या पर्समध्ये असायचा. आमच्या घरात ही रीतच होती, कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

राजवाड्यात गाइड सगळ्यांना दरबार हॉल दाखवत होता. हे पुढे, मान वर करून छत बघत. मी मागे खांबापाशी. ह्यांचा फोन वाजला. अक्कांच्या घरचा नंबर.

"सुधा? पांडू कुठं आहे? त्याला दे की ग."

"ते पुढे आहेत, अक्का. काय झालं?"

"उजवा हात... कसं की होतंय. वाटी धरता येत नाही. बेगी ये म्हणून सांग त्याला. इथंच आहात नव्हं तुम्ही, राजवाड्यात? स्वल्प येऊन जाऊ दे."

"सांगते."

"सांगतेस नव्हं?"

"हो अक्का. लगेच सांगते."

हे मागे आले. कुणाचा फोन, विचारलं. मी म्हटलं, "बँकवाली बाई. कर्ज हवंय का म्हणून." हे हसले. मी आलेल्या फोनची नोंद पुसली आणि आवाज बंद करून फोन पर्सच्या तळाशी ठेवला.

बसनं आम्हाला जंगलाकडे नेलं; ती एक रात्र गाडीऐवजी तिथल्याच बंगल्यात मुक्काम होता. वाटेत दोनदा पर्समध्ये उजेड पडला; त्या नोंदीही मी नंतर पुसल्या. मी खिडकीबाहेर उसाची शेतं बघत बसले. पुढे रेंज गेली. रेंज गेली तेव्हा मला कसं वाटलं माहीत आहे? — सुटल्यासारखं.

दुपारच्या सफारीत वाघ दिसला. जीपच्या अगदी समोरून, घाई नसल्यासारखा, रस्ता ओलांडून गेला. ह्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांच्या संसारात चारचौघांत ह्यांनी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. वाघ गेल्यावरही धरूनच होते. मी सुखात होते. हे लिहिणं सगळ्यात कठीण जाईल असं वाटलं होतं, पण लिहिलं. होते सुखात.

त्याच वेळी अक्का दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेजारच्या लक्ष्मम्मांनी हे नंतर सांगितलं. अक्कांनी पातळ बदललं होतं, डाव्या हातानं कसंबसं नेसल्या असाव्यात. लक्ष्मम्मांनी विचारलं, बरं नाही का, डॉक्टरला बोलावू का? अक्का म्हणाल्या, "बेडा. तम्मा बर्ताने." नको, भाऊ येतोय माझा. भाऊ येतोय म्हटल्यावर लक्ष्मम्मा आपल्या कामाला गेल्या. दिवेलागणीला त्यांनी पाहिलं तर अक्का खुर्चीवरून खाली पडलेल्या होत्या.

आम्हाला निरोप मिळाला तो दुसऱ्या दिवशी, जंगलातून बाहेर आल्यावर. हे दवाखान्यात धावले. अंगात तोच कोट. डॉक्टर कानडीत म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बरंच काही वाचलं असतं. हे सगळ्यांना सांगत सुटले, "रेंज नव्हती हो, रेंज नव्हती." मी शेजारी उभी राहून मान डोलावत होते. लक्ष्मम्मांनी 'तम्मा बर्ताने'ची हकिकत सांगितली तेव्हा हे गोंधळले. मी म्हटलं, "भ्रम झाला असेल. अशा आजारात होतो."

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, लांडग्याची गोष्ट आहे ही — बाई कंटाळली होती, तिला खरं वाटलं नसेल. मीही बरीच वर्षं स्वतःला हेच सांगत आले. ते खरं नाही. फोनवर अक्कांची जीभ जड झाली होती. 'राजवाड्यात' म्हणताना शब्द तोंडात घोळला, आणि तो मला ऐकू आला. सांगलीला माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं, मी तेव्हा जवळ होते. हात, मग जीभ. त्या खांबापाशी उभी असताना वडील मला आठवले. आठवले, आणि तरी मी म्हटलं, बँकवाली बाई.

आणि अजून मुख्य गोष्ट राहिलीच आहे.

अक्कांची वाचा गेली. उजवी बाजू गेली. ऐकू सगळं येत होतं, कळत सगळं होतं. ह्यांना पाहिल्याबरोबर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. हे दुसऱ्या बाजूनं गेले, तर डोळे मिटून घेतले. मग हे डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेले आणि मी एकटी राहिले. अक्कांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं — ह्यांच्याकडे — आणि पुन्हा माझ्याकडे. त्या काय विचारत होत्या ते मला इतकं स्वच्छ कळलं, जणू बोलल्याच. सांगितलं होतंस ना त्याला?

मी मान हलवली. हो.

एवढीशी. कुणी बघत असतं तर त्याला दिसलीही नसती. अक्कांना दिसली. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, ते मी पुसलं. बाहेर आले तर डॉक्टर ह्यांना सांगत होते की वाचा परत येण्याची आशा फार धरू नका. हे भिंतीला टेकून रडले. आणि मला — मला हायसं वाटलं. दुसरा शब्दच नाही त्याला. आता त्या कधी सांगू शकणार नव्हत्या.

आम्ही त्यांना बोगादीला घरी आणलं. तीन वर्षं त्या होत्या. मी त्यांचं सगळं केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं. बन्नूरहून ह्यांची मावसबहीण यायची, ती चार घरांत सांगत फिरायची, अशी भावजय मिळायला भाग्य लागतं म्हणून. अक्का माझ्या हातून जेवायच्या. ह्यांच्या हातून नाही. ह्यांनी त्यांच्यासाठी मऊ सुती झगे शिवले, पुढून उघडणारे, एकही शिवण अंगाला टोचू नये असे. ह्यांनी घालायला घेतले की अक्का चांगला हात आखडून घ्यायच्या. मी घातले की घालू द्यायच्या.

रोज संध्याकाळी दुकानातून आले की हे त्यांच्या पायाशी बसायचे. "अक्का, गाडीत गेलो म्हणून रागावलीस? तूच म्हणालीस नव्हं जाऊन या म्हणून? मला कळलं असतं तर धावत आलो नसतो काय ग?" आणि हे ऐकलं की त्या तोंड फिरवायच्या. कारण त्यांच्या लेखी हे खोटं बोलत होते. कळलं होतं, तरी आला नाही — वाघ बघायला गेला — आणि वर आता तोंड करून सांगतो की कळलं असतं तर. ज्या पोराला त्यांनी स्वतःचं आयुष्य देऊन वाढवलं, त्याच्याविषयी त्या रोज हे मानत होत्या. आणि ते खोटं आहे हे ठाऊक असलेली एकच व्यक्ती त्या खोलीत औषधाच्या बाटल्या पुसत उभी असायची.

किती वेळ लागला असता? त्यांना ऐकू येत होतं. हे दुकानात गेलेले, घरात आम्ही दोघीच. कानाशी वाकून चारच शब्द — अक्का, मी सांगितलं नाही. त्या कुणाला सांगू शकणार नव्हत्या. ह्यांना कळलं नसतं, मुलाला कळलं नसतं, माझं काही म्हणजे काही गेलं नसतं. फक्त त्यांना आपला भाऊ परत मिळाला असता. भीती कसली होती मग? त्यांच्या नजरेची असेल. त्या माझा हात आपल्या गालाशी धरायच्या, ते बंद झालं असतं.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी ठरवलं. पेज भरवून झाली होती. त्यांचे डोळे उघडे होते, माझ्याकडेच होते. मी वाकले, अगदी कानाशी तोंड नेलं. "अक्का," म्हटलं. त्यांनी वाट पाहिली. मी म्हटलं, "अक्का, अजून दोन घोट घ्या."

त्यांनी घेतले. चार दिवसांनी गेल्या. हे उशाशी होते, पण त्यांचं तोंड भिंतीकडे होतं.

आता ह्यांचं वय झालं. दुकान मदतनिसावर सोडलंय, तो कोट कपाटात आहे, परत घातला नाही. जेवताना कधीतरी हे मध्येच थांबतात. मागच्या आठवड्यातही थांबले, घास हातात तसाच.

"सुधा, त्या दिवशी लक्ष्मम्माला ती म्हणाली, भाऊ येतोय. असं उगाच म्हणेल काय ती? मी येतोय म्हणून तिला कुणी सांगितलं असेल ग?"

"कोण सांगणार हो?" मी म्हटलं, आणि त्यांना भात वाढला.