डहाणूचं बारा फुटी टेबल

नाशिकहून निघालेली एसटी जव्हारचा घाट उतरली आणि कासा, चारोटी, आशागड करत डहाणूच्या वाटेला लागली. हवा दमट झाली, रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिकूच्या वाड्या सुरू झाल्या. २०१७ सालचा जानेवारी होता. मी शाळेत भूगोल शिकवते आणि गेली वीस वर्षं क्लबात स्नूकर खेळते, क्यू नावाच्या काठीने टेबलावरचे चेंडू कडेच्या भोकांत घालायचा खेळ. चहा कुठे पिकतो, गहू कुठे, हे मुलांना नकाशावर दाखवता दाखवता मला एक प्रश्न छळायला लागला होता. इंग्लंडमध्ये स्नूकर आणि अमेरिकेत त्याचाच छोट्या टेबलावरचा भाऊबंद पूल, थायलंडमध्ये स्नूकर आणि फिलिपिन्समध्ये पूल, असं का? हे काही पावसापाण्यावर ठरत नाही. स्नूकर तर आपल्या जबलपूरला, इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जन्मला असं सांगतात. तरी आज आपल्याकडच्या मॉलमध्ये पाहावं तर पूलचीच टेबलं.

डहाणूला एका वाडीत पाहुण्यांची राहण्याची सोय होते आणि त्या घरात पूर्ण मापाचं, बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असं स्नूकरचं टेबल आहे, हे मैत्रिणीकडून कळलं. मग मी वेगळं ठिकाण शोधलंच नाही.

डहाणू रोडहून रिक्षाने वाडीवर पोहोचले. यजमान जयवंत सावे सत्तरीचे, चिकूचे बागाईतदार. त्यांच्या पत्नी नलिनीताईंनी आल्या आल्या ताटात तांदळाची भाकरी, वालपापडीची भाजी आणि सुक्या बोंबलांची चटणी वाढली. जेवून मी ओसरीच्या मागच्या लांब खोलीत गेले. टेबल तिथेच होतं. सागवानी, आठ पायांचं, वर हिरवं कापड. जागोजागी विरलेलं, पण सपाट. त्यावर पाठीत वाकून एक गृहस्थ लाल चेंडूंचा त्रिकोण लावत होते.

"हे हरेश्वर तांडेल," सावे म्हणाले. "वाढवणचे. आमचा शाळेपासूनचा मित्र. जहाजावर फिटर होता. दर गुरुवारी येतो आणि मला हरवून जातो."

"दर गुरुवारी नाही," तांडेलकाका म्हणाले. "तुम्ही खेळता का?"

आम्ही खेळायला लागलो. मी माझा प्रश्न त्यांच्यापुढे टाकला. काका क्यूच्या टोकाला खडू लावत, थांबत थांबत बोलत होते. "मनिलात पत्र्याखाली, रस्त्याच्या कडेला टेबलं असायची. सगळा पूल. तैवानला काऊशुंग बंदरात तेच. ह्यूस्टनला दारूच्या गुत्त्यात पूल. हाँगकाँगला आणि बँकॉकला मात्र स्नूकरचे हॉल, पंख्याखाली ओळीने टेबलं. साउदॅम्प्टनला क्लबात स्नूकर आणि पबमध्ये छोटं पूल टेबल. एकाच गल्लीत दोन्ही."

"पण का?"

"ते तुम्ही सांगायचं. तुम्ही बाई आहात शाळेतल्या."

मला जरा चेव आला. वाटेत आडव्या आलेल्या चेंडूला वळसा घालायला मी क्यू उभा धरून मारला. टोक कापडात शिरलं आणि टर्र असा आवाज झाला. बोटभर फाटलं. मी लगेच भरपाई देते म्हणाले, तर सावे खुर्चीवरून उठलेही नाहीत.

"राहू द्या. पंधरा दिवसांत तसंही उतरवायचंच आहे."

मग सगळं कळलं. घराच्या वाटण्या झाल्या होत्या. ही खोली धाकट्या भावाकडे गेली होती आणि त्याला इथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या. भाऊ वाईट नव्हता. त्याने दोनदा मुदत वाढवून दिली होती. टेबल फुकट द्यायलाही सावे तयार होते, पण घेणारा मिळत नव्हता. टेबल बारा फुटी असलं तरी चहूबाजूंनी क्यू मागे घ्यायला जागा लागते, म्हणजे शाळेचा अख्खा वर्ग अडला.

"काका, तुमच्याकडे?" मी विचारलं.

तांडेलकाकांनी क्यू भिंतीला टेकवला. "आमच्या गावात बंदर येणार म्हणतात. आम्ही नको म्हणून मोर्चे काढतो. उद्या घर राहणार की नाही ते मला माहीत नाही. कापडाखाली दगडाच्या पाच जड लाद्या आहेत याच्या. त्या कुठे बसवू?"



दुसऱ्या दिवशी सकाळी सावे, काका आणि मी सावेंच्या गाडीने तलासरीला निघालो. तिथे एक बाई पूलचा हॉल चालवते, ती घेईल का विचारून पाहू, असं नलिनीताईंनी सुचवलं होतं. वाटेत हायवेला मातीच्या मडक्यांतून धूर निघताना दिसला. ते उंबाडियुं (मडकं उलटं पुरून भाजलेले कंद आणि वालपापडी). पानावर घेऊन गाडीतच खाल्लं. हिरव्या चटणीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विकणारा गुजरातीत बोलला, काका त्याला मराठीत उत्तरं देत होते आणि दोघांचंही काही अडत नव्हतं.

हॉल म्हणजे हायवेलगतचा एक लांबट गाळा, आत तीन पूल टेबलं. सविता कोम तिशीतली, जवळच्याच पाड्यावरची. नवरा ट्रक चालवतो, आधी ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये होती. तिथल्या पूल टेबलावर ती जेवणाच्या सुट्टीत शिकली. आम्ही गेलो तेव्हा ती टेबलावर ब्रश फिरवत होती. सावेंनी सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही तोडलं नाही.

"आधी काका एक डाव खेळतील का?" ती म्हणाली.

काका खेळले आणि हरले. छोटं टेबल, मोठी पॉकेटं, पण त्यांचा हात जोखूनमापून मारण्याचा. ते एका चेंडूचा विचार करायला जेवढा वेळ घेत, तेवढ्यात ती आपल्या खेपेला चार पॉकेटात घालत होती. दहा मिनिटांत संपलं. दुसरा डावही तसाच गेला. काका चकित झाले होते, आणि थोडे खूशही.

"रविवारी डहाणूला येते," सविता म्हणाली. "टेबल न बघता हो कसं म्हणू?"

ती रविवारी सकाळी आली ती टेप घेऊनच. टेबल मोजलं, बाजूची जागा मोजली, कागदावर आकडे लिहिले. मग म्हणाली, "आता खेळू."

ती सुरेख नेम साधत होती. सुरुवातीला तीन लाल गेले. मग काकांनी पांढरा चेंडू हळूच ढकलून पिवळ्याच्या मागे लपवला. तिला एकही लाल सरळ दिसेना. ती टेबलाभोवती दोन फेऱ्या फिरली.

"म्हणजे मला मारायलाच मिळणार नाही?"

"यालाच स्नूकर म्हणतात," काका म्हणाले. "समोरच्याला अडवायचं."

तिने टेबलाच्या कडेच्या रबरी कुशनवर चेंडू आपटून प्रयत्न केला, चुकली. काकांनी पुन्हा अडवलं. ती हसायला लागली. एक डाव संपायला पाऊण तास गेला आणि ती दणकून हरली. घाम पुसत म्हणाली, "अजून एक." तोही हरली, पण शेवटी तिने काकांना एकदा अडवलं, तेव्हा सावे खुर्चीत सरसावून बसले.

नलिनीताईंनी चहा आणला. सविताने कागदावरचे आकडे पुन्हा एकदा पाहिले.

"खेळ आवडला," ती म्हणाली. "पण टेबल नाही घेणार. याच्यासाठी माझी दोन टेबलं काढावी लागतील. तुमचा एक डाव होतो तेवढ्यात माझ्याकडे चार जोड्या खेळून जातात. कारखान्यातली माणसं पाळी बदलायच्या आधी अर्धा तास येतात. त्यांना हे संपवायला वेळ कुठला?"

सावेंनी मान हलवली. काका खिडकीबाहेर चिकूकडे बघत होते. माझ्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर तिने देऊन टाकलं होतं. पण तेव्हा मला त्याचा आनंद झाला नाही.

जाताना ती दारात थांबली. "काका, टेबल नको. पण तुम्ही या. हे अडवायचं छोट्या टेबलावर पण चालत असेल ना?"

"चालतं," काका म्हणाले. एवढंच.

सोमवारी निघताना सावे म्हणाले की सुरतेकडचा एक माणूस टेबलाचं लाकूड आणि दगड घ्यायला तयार झालाय. खेळणार नाही, नुसतं सामान म्हणून.  नलिनीताईंनी पिशवीत चिकू भरले.

नाशिकच्या गाडीत चढले तर पुढच्या बाकावर तांडेलकाका, मांडीवर क्यूची लांब पेटी. चारोटीला उतरून तलासरीची गाडी पकडणार होते. मी शेजारी जाऊन बसले.

"पूल आवडायला लागला का?"

"नाही." त्यांनी मांडीवरची पेटी सरळ केली. "मनिलात उतरलो तेव्हा मी स्नूकर शोधत फिरलो नाही, बाई. बोटीवर चार महिने तीच तीच तोंडं बघितलेली असायची. जिथे माणसं जमलेली दिसायची तिथे जायचो. त्यांच्याकडे जे टेबल असेल ते."

चारोटीला ते उतरले. हायवे ओलांडून तलासरीच्या बाजूला उभे राहिले आणि येणाऱ्या गाड्यांकडे हात करू लागले. आमची गाडी कासाकडे वळली.

घरी आल्यावर क्लबातल्या मंडळींनी विचारलं, मग मिळालं का उत्तर. मी जागेचं सांगितलं, वेळेचं सांगितलं, इंग्रज कुठे कुठे गेले ते सांगितलं. सगळं खरंच आहे. पण कुठल्या देशात काय खेळतात हे मी इतकी वर्षं टेबलं मोजून ठरवत होते. तांडेलकाकांनी आयुष्यभर टेबलापलीकडे कोण उभं आहे ते आधी पाहिलं. त्याच उन्हाळ्यात सविताचा फोन आला. म्हणाली, काका आता आठवड्यातून तीनदा येतात, आणि काल पहिल्यांदा त्यांनी तिला पूलमध्ये हरवलं.