मधल्या भिंतीतली खिडकी

गोदावरीच्या दोन्ही काठांवर फिरून या, आमच्या साडूइतका घरवाला माणूस तुम्हाला अख्ख्या नाशकात सापडायचा नाही. घर तेवढं त्याला नव्हतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दोघी बहिणी सायखेड्याच्या. आई लहानपणीच गेली, तेव्हा एका ताटात जेवून वाढल्या. लग्नं होऊन दोघी नाशकात आल्या खऱ्या, पण एक पंचवटीत नि एक गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, भाड्याच्या खोल्यांत. माझी बायको म्हणायची, "दोन घरं लागून असावीत, मधल्या भिंतीला खिडकी असावी, नि तिच्या चुलीवरचं पिठलं माझ्या ताटात गरम पडावं. बाकी मला काही नको." बाईनं जन्मात मागितलं ते एवढंच. मी पडलो तांबट. काम असेल तर मजुरी, नाहीतर हातोडी उशाला. असल्या माणसाला पतपेढी दारात उभी करत नाही. साडू मात्र कचेरीत कायमचा कारकून. त्याच्या नोकरीवर, घरजागा गहाण ठेवून, कर्ज मिळणार होतं, फेडायचं दोघांनी. आमच्या दोन खोल्यांच्या मधोमध, एका मळ्याच्या कडेला जागा ठरली, इसार दिला, गवंड्यानं चुन्याच्या रेघा मारून दिल्या, आणि तिथून हा माणूस हाताबाहेर गेला.

रोज कचेरी सुटली की स्वारी जागेवर. रेघेपाशी वहाणा काढायच्या आणि दाराच्या जागेतूनच आत जायचं. मी एकदा सरळ चालत गेलो तर केवढ्यानं ओरडला, "अहो दाजी, भिंतीतनं काय येताय? भूत आहात का?" माझ्या सैपाकघराच्या रेघेशी आला की खाकरायचा, "अक्का, येऊ का आत?" अक्का तिकडे पंचवटीत भाकऱ्या थापत असायची. मळेवाल्याची म्हैस एकदा त्याच्या माजघरात बसली. दुसरा असता तर काठी घालून उठवली असती. यानं तिला चुचकारून, वळवून वळवून दारातनंच बाहेर काढली. त्यात दिवस मावळला. कुलूप तर पायाची पहिली कुदळ पडायच्या आधीच आणलं, नि किल्ली करगोट्याला बांधली. मेव्हणी म्हणाली, "अहो, पण लावणार कशाला?" तर म्हणाला, "येईल की दार. कुलूप आलंय म्हटल्यावर दाराला यावंच लागेल."

त्या किल्लीनंच घात केला. गहाणखत व्हायचं होतं, आणि नेमका तेव्हाच कचेरीतला हेडक्लार्क त्याला बोलला, "आता कर्ज काढताय, तर जरा मान खाली घालून काम करायला शिका." शहाण्या माणसानं ऐकून घेतलं असतं. यानं करगोट्याची किल्ली सोडून टेबलावर आपटली. "घरवाला माणूस आहे मी, भाडेकरू समजू नका!" आणि राजीनामा देऊन आला. वर मोटार कंपनीत जास्त पगाराची नोकरी धरली, नि ही आनंदाची बातमी पतपेढीत सांगायला स्वतःच गेला. पेढे घेऊन! चिटणीसांनी पेढा खाल्ला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "छान झालं. आता वर्षभर टिका, कायम व्हा, मग या." कसलं वर्ष नि कसलं काय! मंदी आली. मोटार कंपनीनं पहिला काढला तो हाच, सगळ्यात नवा म्हणून. इसार बुडाला, जागा गेली. मला तर हातोडी घेऊन त्याच्याकडे जावंसं वाटलं होतं. बायको आडवी आली. म्हणाली, "एक शब्द बोलायचा नाही त्यांना. घर बघितलं ते त्यांनीच. तुम्ही नुसत्या रेघा बघितल्या."

यंदा ती गेली. तापाचं निमित्त झालं.

त्या जागेत मळेवाल्यानं मेथी लावली आहे. रेघा केव्हाच पुसल्या. मला चूल जमत नाही, म्हणून मेव्हणी वाटीभर कालवण धाडते. साडू ते घेऊन निम्म्या वाटेवर येतो, इकडून मी जातो. तेरावं झाल्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बांधावर उभा होतो. तो आला. वहाणा काढल्या. मेथीच्या वाफ्याला वळसा घालून, दार होतं तिथून आत शिरला आणि आपल्या सैपाकघरात जाऊन उभा राहिला. मी हात पुढं केला तर म्हणाला, "तिथनं नको दाजी. जरा इकडं सरका. खिडकी इथं आहे."

एरवी चार शिव्या हासडल्या असत्या. सरकलो. त्यानं मेथीवरून हात लांब करून वाटी दिली. पिठलं होतं. एवढ्या लांबून आणलेलं, पार गार झालेलं, वर साय धरलेली.

"गरम आहे ना?" त्यानं विचारलं.

मी वाटीवर फुंकर मारली. म्हटलं, "जरा निवू दे."