चार जणांची जागा

सुरतेत, आमच्या नवागामच्या गल्लीत, उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे गावी जाणे. दुसरा अर्थ कुणाला माहीत नव्हता. खानदेशात लग्नाच्या तिथी सुरू झाल्या की लूमची खाती, म्हणजे यंत्रमागाचे कारखाने, ओस पडत आणि उधना स्टेशनावर पाय ठेवायला जागा नसे. हॉटेलात राहायचं, सहलीच्या बसमध्ये बसून तलाव आणि देवळं बघायची, हे सगळं बँकेतले माझे सहकारी करत. त्यांचे फोटो बघता बघता मी ठरवलं की माय-नानांनाही, माझ्या आईवडिलांना, एकदा असं न्यायचं. माझी शाळा तालुक्याच्या गावात, मामाकडे राहून झाली. कॉलेज सुरतेत झालं. दोन्हींचा खर्च नानांच्या बारा तासांच्या पाळीतून निघाला. घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्याबद्दल त्यांना चार दिवसांची हवा तरी दाखवावी, असं मला मनापासून वाटत होतं.

नवऱ्याला रजा मिळाली नाही. मग मी, माय, नाना आणि माझी सात वर्षांची मुलगी असे चौघं माउंट आबूला निघालो. आबू रोडपर्यंत रेल्वे, वर मुक्काम, रोज एक सहल.

नानांना कमी ऐकू येतं हे मला माहीत होतं. लूमवर आयुष्य काढलेल्या माणसाला चांगलं ऐकू येतं असं मी पाहिलेलंच नाही, म्हणून त्याचं मला काही विशेष वाटलं नव्हतं. ते नेहमी मायच्या शेजारी बसत. मी काही बोलले की माय तेच पुन्हा म्हणे आणि मग नाना मान हलवत. मायला सवय आहे, असं मी समजत होते.

दुसऱ्या दिवशी तलावावर गाइडने सगळ्यांना अर्ध्या तासाने बसकडे यायला सांगितलं. नानांनी मान हलवली. माय नातीला घेऊन होडीकडे गेली होती. अर्ध्या तासाने बस भरली, पण नाना आले नाहीत. मी धावत गेले तर ते पायऱ्यांवर शांत बसून पाण्याकडे बघत होते. त्यांना घेऊन बसमध्ये चढले तेव्हा मागून एक बाई गुजरातीत म्हणाली, "काकाने घेर मूकीने आववुं हतुं ने." काकांना घरीच ठेवून यायचं होतं ना, असं. दोघंतिघं हसले. मला इतकी लाज वाटली की मी नानांवरच चिडले.

"एवढं सांगितलं तरी कळत नाही का नाना? उद्यापासून तुम्ही काही करू नका. मी नेईन तिथे या आणि मी सांगेन तिथे बसा."

मायने तेच पुन्हा म्हटलं आणि त्यांनी मान हलवली. पुढचे दोन दिवस ते खरोखरच तसे वागले. सामान उचलायला आले नाहीत, चहा सांगायला गेले नाहीत, देवळात घंटासुद्धा वाजवली नाही. मी मात्र मनात म्हटलं, चला, सुटलो.

परतीची गाडी दुपारी चारची होती. आम्ही तीनलाच आबू रोडला उतरून आलो. ऊन इतकं होतं की फलाटावरचे कुत्रेसुद्धा नळाखाली जाऊन बसले होते. नाना-मायला सामानापाशी बसवून मी मुलीला घेऊन पाण्याच्या बाटल्या आणायला गेले. तेवढ्यात पलीकडच्या फलाटावर एक गाडी येऊन थांबली. दुकानात गर्दी होती. परत आले तर माय बॅगेवर डोकं टेकून डुलकी घेत होती आणि नाना नव्हते.

"नाना कुठे गेले?"

माय दचकून उठली. "आतेच आठे व्हतात."

मी फोन लावला. तो बहुधा त्यांच्या हातातच असावा, कारण लगेच उचलला गेला आणि नानांचा मोठा आवाज आला. आवाजात कितीतरी वर्षांनी ऐकलेला उत्साह होता. "जागा धरेल शे. चार जननी. खिडकीजोडे. लवकर या." मी "नाना, नाना" म्हणत राहिले. चार जणांची जागा धरली, एवढं आपलं सांगून त्यांनी फोन ठेवून दिला.

पलीकडच्या फलाटावरून त्या गाडीचा शेवटचा डबा निघून जाताना मला दिसला. गाडी जोधपूरकडे चालली होती. डब्याच्या पाटीवर दोन्ही टोकांची नावं असतात. नानांनी त्यातलं मुंबई वाचलं असणार. मुंबईची गाडी सुरतेवरून जाते, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. गाडी कुठल्या बाजूला जाणार हे सांगणारी घोषणा होत असते, पण ती ऐकू आली तर उपयोग.

आणि ते असं का वागले हे मला उभ्या उभ्या कळलं. उधन्याला भुसावळची पॅसेंजर थांबायच्या आत चढायचं, बाकावर टॉवेल पसरायचा आणि घरची माणसं येईपर्यंत कुणाला टेकू द्यायचं नाही, हे दरवर्षी नानांचं काम असे. शेजारची घरंसुद्धा आपला टॉवेल त्यांच्याकडे देत. आमच्या तिकिटावर डबा आणि सीटचा नंबर होता, मी त्यांना तो दाखवलाही होता. पण कागदावर लिहिलेली जागा नानांना कधीच खरी वाटली नाही. दोन दिवस त्यांना काही करायला दिलं नव्हतं. हे एक काम त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

मी पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. दहा वेळा, बारा वेळा. मुलगी विचारत होती, "नाना आपल्याला सोडून गेले का?" मी तिचा हात धरून निघाले.

रेल्वे पोलिसांच्या खोलीत एक वयस्कर हवालदार होता. त्याने वही ओढली. "उम्र? क्या पहना है? दिमाग ठीक है?"

"दिमाग एकदम ठीक है. थोड़ा कम सुनते हैं."

माय माझ्या मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "थोडं नही व. काहीच नही."

मी वळून बघितलं.

"तीन वरीस व्हई ग्यात. काहीच आयकू येत नही त्यास्ले. तुले सांगू नको अशी आण घालेल व्हती."

तीन वर्षं मी त्यांच्याशी बोलत होते. बँकेतली बढती सांगितली, मुलीच्या कविता तिच्याकडून म्हणवून घेतल्या, रागावले. ते मायच्या ओठांकडे बघून मान हलवत होते. तलावावर माय शेजारी नव्हती. हवालदाराच्या वहीत 'कम सुनते हैं' तसंच राहिलं, ते बदलायला सांगायचं मला सुचलंच नाही. रडायला वेळ नव्हता.

हवालदाराने पिंडवाड्याला फोन केला. तिथे गाडी दोन मिनिटं थांबते. पाऊण तासाने उलट फोन आला. शिपाई जनरल डब्यांच्या खिडक्यांपाशी नानांचं नाव पुकारत गेला होता, कुणीच ओ दिली नाही.

"नाव पुकारून काय होणार?" मी मराठीतच ओरडले. मग हात जोडून हिंदीत सांगितलं की त्यांना अजिबात ऐकू येत नाही. डब्यात चढून बघा. जो म्हातारा टॉवेल पसरून चार माणसांची जागा अडवून बसला असेल आणि कुणाशी भांडत असेल, तो माझा बाप.

हवालदार पहिल्यांदा हसला. "जगह नहीं छोड़ेंगे?"

"मर जाएँगे, नहीं छोड़ेंगे," माय म्हणाली. तिला एवढं हिंदी येतं हे मला माहीत नव्हतं.

दरम्यान आमची गाडी आली आणि गेली. आमच्या चारही सीट रिकाम्या गेल्या असतील. पुढचा थांबा फालना. तिथून फोन येईपर्यंतचा वेळ मला नीट आठवत नाही. ते मधेच कुठे उतरले तर, आडरानात गाडी थांबली आणि सुरत आलं असं वाटून खाली उतरले तर, एवढंच डोक्यात फिरत होतं. त्यांना कुणी पत्ता विचारला असता तर त्यांनी मान हलवली असती.

फालन्याहून निरोप आला. मिले हैं. मारामारीची वेळ आली होती.

जीप करून आम्ही दोन-अडीच तासांनी पोचलो. अजून उजेड होता. पोलिसांच्या खोलीत नाना भिंतीला लागून जमिनीवर बसले होते. बाक रिकामा होता, तरी जमिनीवर. आम्हाला बघून ते उठले नाहीत. शिपाई आत आला की ते हात जोडत. "साहब, गलती हुई," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. जागा अडवली म्हणून आपल्याला पकडून आणलंय, अशीच त्यांची समजूत होती. एवढा वेळ ते गुन्हेगार म्हणून बसले होते आणि त्यांना खरं सांगता येईल असं त्या खोलीत कुणी नव्हतं.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "नाना, तुम्ही मला का नाही सांगितलं?"

सवयीने त्यांची नजर मायकडे गेली. मायने नेहमीप्रमाणे ओठ हलवले नाहीत. ती नातीचा हात धरून दाराकडे बघत उभी राहिली. नाना तिच्याकडे बघत राहिले, मग हळूहळू माझ्याकडे वळले. मान हलवायला लागले आणि मधेच थांबले. त्यांची नजर माझ्या तोंडावर होती.

"परत म्हन," ते म्हणाले. "हळू म्हन."